तान्हूबाई माळीण आणि मानाच्या एकवीस कुंड्या यांची हकीकत

श्री. माती प्रसन्न असो, पाणी प्रसन्न असो, लिहिणाराचे हातून अधिकउणे न होवो. शके सोळाशे बहात्तर, प्रमोदनाम संवत्सर, ते वर्षी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहू नये ऐसी सेवकास ताकीद, सबब लिहिले नाही. आणि लिहिणाराचेही नाव नाही, ते का नाही हे वाचणारास पुढे कळोन येईल. राजधानीचा गड अवघा काळा कातळ. कुदळ मारिली तर ठिणगी उडे, माती वीतभर मिळेना. ऐसे स्थळी पूर्वजांनी तट बांधोन शत्रूची खोड मोडिली खरी, परंतु देवपूजेस फूल पाहिजे तर ते खालचे पेठेतून डोक्यावरील पाटीत येई आणि माथ्यावर पोचेतो मान टाकी. मग महाराजांचे मनात आले जे, तोफा आहेत, हत्ती आहेत, आणि अंगणी एक मोगरा नाही, हे काही ठीक नव्हे. म्हणोन गडाखालील गावाहून तान्हूबाई माळीण इजला बोलावू पाठविले आणि कुंड्यांचा बाग करण्याची आज्ञा जाहली.

तान्हूबाई पन्नाशीची, अंगाने ठेंगणी, आवाजाने मोठी, कमरेस सदा खुरपे खोवलेले. बोलण्यास फटकळ आणि कामास वाघ. तिने कातळावर टाच आपटोन पाहिली आणि महाराजांस तोंडावर म्हणाली, «खाली माती न्हाई तर न्हाई, म्हाराज. वर आणू. झाडाला पाय ठेवाया टीचभर जागा द्या, मंग बघा.» आणि त्या दिवसापासोन गडावर रिकामे म्हणोन जे जे होते त्यावर बाईची नजर पडली. नगारखान्यात एक नगारा कातडे फाटोन पडला होता, तो मागोन घेवोन तांब्याचे पोटात शेवंती लाविली. हत्तीचा मोडका हौदा तटास टेकवोन त्यात अबोली बसविली. आणि लखू कुंभार म्हणोन गडाचा जुना कसबी, त्याजकडोन रोज नव्या घाटाच्या कुंड्या घडवू लागली. कोळशाने कातळावर आकृती काढी, तोंड येवढे, कंबर येवढी, आणि कुंडी मनाजोगी न उतरली तर भांडे. एकदा म्हणाली, «लखूदादा, ह्या कुंडीचं पोट सुटलंय.» लखू म्हणाला, «आक्का, चाकावर बसून बसून माझंबी सुटलंय, त्याला कुठं नेऊ?» आणि दोघे हसली, आणि कुंडी पुन्हा चाकावर चढली. बाईचा नेम ऐसा की, कोणत्याही कुंडीत एकच झाड लावू नये. «एक उभं, एक बसतं, एक उतरतं,» ऐसे ती म्हणे. म्हणजे मध्ये लाल राजगिरा ताठ उभा, भोवती दवणा अथवा मरवा दाट बसलेला, आणि काठावरोन मायाळूची वेल खाली उतरलेली. अशी एक कुंडी सदरेवर आणिली तो महाराज पाहतच राहिले आणि दोन घटका राज्याचे काम खोळंबले.

बाईचा आणखी एक स्वभाव होता आणि सारे प्रकरण त्यातोनच उपजले. एकटीने बाग करणे तिला गोड लागेना. दर बुधवारी ती बागेचे दारी पोते अंथरोन बसे, आणि जो येईल त्याचे हात मातीत घाली. सगुणा कासारीण फुटकी घागर घेवोन आली, तीस दवणा लावोन दिला. पागेतला मोतद्दार घोड्याचे तोंडास दाण्याचा बांधतात तो जुना तोबरा घेवोन लाजत उभा राहिला. त्यास वाटले बाई हसेल. बाईने तोबरा उलटासुलटा करोन पाहिला आणि म्हणाली, «ह्यो तर झकास हाय. खुंटीला टांग, पुदिना लाव.» आणि फांदी पळसपानात बांधोन देताना प्रत्येकास एकच अट घाली: «जगव. जगली की दोन फांद्या दुसऱ्याला दे. न्हाई दिल्यास तर माझ्या दारात येऊ नगंस.» मग काय विचारावे! वर्षाचे आत गडाचे गल्ल्यांतून, खिडक्यांतून, न्हाव्याचे ओट्यावरोन हिरवे उतरू लागले, आणि ज्यांची कधी बोलचाल नव्हती ती माणसे उंबऱ्यावर बसोन मरव्यास कीड का लागली याची चर्चा करू लागली.

हे बहिरोपंत कारभारी यांस रुचले नाही. पंत घराण्याचे जुने, पागोट्याने मोठे, मनाने वाईट म्हणवत नाही. परंतु कोणती वस्तू कोणी बाळगावी याचा हिशेब त्यांचे डोक्यात पक्का. ते महाराजांस म्हणाले, «हुजूरचे बागेतील दवणा कासारणीचे उंबऱ्यावर दिसो लागला. मग हुजूरचे ते काय राहिले?» महाराज भिडेचे. त्यांनी दोन्ही अंगे राखावी म्हणोन तोड काढिली की, येत्या दसऱ्यास एकवीस मानकऱ्यांस मानाच्या कुंड्या द्याव्या, दर्जा मोठा तैसी कुंडी मोठी, आणि बाविसावी खासा हुजुरास. पहिल्या दर्जाची चौघांनी उचलावी, नवव्या दर्जाची एका काखेत मावावी. पंतांचे समाधान जाहले आणि बाईस तर मोठेच उधाण आले. तीन महिने तिने माणसे न्याहाळिली आणि ज्याची त्यास शोभे ऐसी कुंडी रचिली. हैबतराव सरदार अंगाने उंच आणि मिश्या दोहों अंगी उतरलेल्या. त्यांचे कुंडीत मध्ये उंच राजगिरा आणि दोन बाजूंनी मायाळू सोडिली. पंतांस मध्ये कोरफड आणि कडेने दवणा दिला. «वरनं काटं, जवळ गेलं की वास बरा,» ऐसे हसोन म्हणाली, परंतु हलके म्हणाली. सेवक दरबारी लिहिणार, दर्जा नववा; सेवकास लहानशी कुंडी आणि मरवा. महाराजांची स्वतःची कुंडी तिने सात वेळा मोडोन केली.

दसऱ्याचे दिवशी वाजतगाजत कुंड्या घरोघर गेल्या. मानकरी ऐसे खूश की, हैबतरावांनी माझी वेल शेजारच्यापेक्षा चार बोटे आखूड का म्हणोन भांडणही काढिले. आणि मग पंधरा दिवस गेले नाहीत तो राजगिरा पिवळा पडला, दवणा काळा पडला, कोरफड बुडाशी लिबलिबीत जाहली, आणि कार्तिक उतरेतो थोरथोरांचे दिवाणखान्यांतून कुजका वास सुटला. वर नवल हे की, कासारणीची फुटकी घागर हिरवीगार आणि मोतद्दाराचा तोबरा लवलवता. पंतांस आयते कोलीत मिळाले. भर सदरेवर त्यांनी आरोप ठेविला की, माळिणीने चांगली रोपे बाजारबुणग्यांस दिली आणि मानकऱ्यांस मरकी दिली, हा हुजूरचा अपमान. मार्गशीर्ष पौर्णिमेस निवाडा व्हावा. अपराध शाबीत जाहला तर बागेचे दार दगडचुन्याने बंद करावे, फांदी बाहेर जावो नये, आणि बाईने गड उतरावा. गड उतरण्याचे ऐकोन बाईने कमरेचे खुरपे पदराने पुसले. दाराचे ऐकिले तेव्हा मात्र तिचे तोंड उतरले, ते सेवकाने डोळ्यांनी पाहिले. दुसरे बुधवारी पोते अंथरले तेव्हा ती सगुणेस म्हणाली, «मला हाकललं तर मी खाली जाऊन लावीन. पर हे दार बुजलं, तर तुमी शिकलेलं येका पिढीत इसरशीला.»

आता बाईस रोग काय तो कळेना, कारण तिला कुंड्या पाहताच येईनात. या राज्याची रीत ऐसी की, मानाची वस्तू एकदा दिली म्हणजे देणाराचे माणसाने तीस पुन्हा हात लावू नये. लाविला तर मान परत घेतला ऐसा अर्थ. तरीही बाईने पदर खोचिला आणि एकवीस उंबरे चढण्यास निघाली. पहिल्या दारी पहारेकऱ्याने अडविले. दुसरे दारी सरदार झोपले आहेत म्हणोन सांगितले, आणि सरदार खिडकीतोन पाहत होते. हैबतराव स्वतः दारी आले आणि म्हणाले, «बाई, तुझ्यावर राग नाही, पण कुंडीस हात लावशील तर आमची बेअब्रू.» मग बाईने डोके चालविले आणि बोलणेच बदलिले. कुंडी मागेना, पाहू देखील म्हणेना. उंबऱ्याबाहेर उभी राहोन हात पसरी आणि म्हणे, «चिमूटभर माती द्या. माती काय मानाची नव्हं, खालच्या वढ्याची हाय.» यास ना कैसे म्हणावे? काही ठिकाणी दिली, काही ठिकाणी दुपारभर उभे केले तेव्हा दिली, एके ठिकाणी कुत्रे सोडिले तरी उभी राहिली तेव्हा दिली. पाच दिवस ती फिरली. पायास फोड आले, लखू कुंभार म्हणाला, «आक्का, बस की जरा,» तर म्हणाली, «बसाया पौर्णिमेनंतर लई वेळ मिळंल.» प्रत्येक चिमूट ती नाकाशी नेई, बोटांत चोळी, आणि वेगळे पानात बांधी. अवघी माती आंबलेली, चिखल जाहलेली. पाणी साचोन मुळ्या कुजल्या हे तिला दुसरे चिमटीसच कळले. परंतु लखूस विचारिता तो शपथेवर म्हणाला, «हरेक कुंडीला पाच भोकं पाडलीत. ह्या बोटानं पाडलीत, आक्का.» तर मग पाणी साचले कैसे?

येथे सेवकास लाज वाटते, परंतु लिहिणे भाग आहे. फुटके भांडे घरात ठेवू नये, अवदसा येते, हे आम्ही सारे लहानपणापासोन ऐकत आलो. कुंडी घरी आणोन पुसू लागलो तो बुडास पाच भोके! हुजुरांनी दिलेले भांडे फुटके, हे बोलावे कोणापाशी? बोलावे तर हुजूरची निंदा, ठेवावे तर घरास अवलक्षण. म्हणोन सेवकाने दार लावोन पाचही भोके मेणाने बुजविली, आणि मान राखिला ऐसे समाधान मानोन सकाळसांज झारीने पाणी घातले. जितका आदर अधिक तितके पाणी अधिक. बाई सर्वांचे शेवटी सेवकाचे दारी आली. सेवकाचा मरवा अर्धा वाळला होता, अर्धा जिवंत होता. तिने चिमूट घेतली, वास घेतला, आणि सेवकाचे तोंडाकडे इतका वेळ पाहिले की सेवकाने नजर खाली केली. मग म्हणाली, «लिवणारदादा, ह्यातलं थोडं पानी निघून गेलंय. मेण लावलंत व्हय? उन्हात मेण पाघळतंय.» सेवकाने कुंडी मागे सारिली. ती म्हणाली, «मी तुमचं नाव घ्यायची न्हाई. बाकीच्यांचंबी न्हाई. ज्यानं त्यानं घ्यावं.» आणि पाने पदरात बांधोन निघोन गेली.

पौर्णिमेस सदर भरली. एका अंगास मानकरी, खाली अंगणात सगुणा, मोतद्दार, न्हावी आणि शेदोनशे माणसे. हातात कोणी रोप, कोणी तांब्या, कोणी डबडे, त्यात जे जगले ते घेवोन उभी. सदरेवर महाराजांचे पायापाशी त्यांची स्वतःची कुंडी. सात वेळा मोडोन केलेली, आणि सर्वांत आधी मेलेली. पंतांनी आरोप वाचिला. बाईने मातीच्या एकवीस पुड्या ओळीने मांडिल्या आणि म्हणाली, «म्हाराज, मोठ्याचं झाड आधी मेलंय, ल्हान्याचं मागनं. सोळाव्या पुडीपतुर एक न्हाई वाचलं. रोप मरकं असतं तर असं वळीनं मेलं नसतं. एवढीच गोष्ट करा, ती तुमची कुंडी पालथी करून बघा. मी हात लावत न्हाई. तुमी लावा.» सदरेवर गलका जाहला. पंत म्हणाले, «राजकुंडी पालथी करणे म्हणजे सिंहासन पालथे करणे! निवाडा स्पष्ट आहे. लिहा, दोष माळिणीचा.» हे सेवकास सांगितले. महाराज कुंडीकडे पाहत होते. बाई जागची हलली नाही, म्हणाली, «पालथी झाल्याबिगर मी हितनं जायची न्हाई. गड उतरवायचा तर उचलून उतरवा.»

सेवकाने लेखणी बुडविली. कागदावर 'दोष' ही दोन अक्षरे लिहिली, आणि पुढे हात चालेना. तीस वर्षे सेवकाने जे सांगतील ते लिहिले, आणि खोटेही पुष्कळ लिहिले, परंतु पाच भोके बुजविणारा हात तोच आणि हे लिहिणारा हात तोच, हे त्या घडीस सोसवेना. मग लेखणी खाली ठेविली आणि उभा राहोन म्हणालो, «माझ्या कुंडीची भोके मीच बुजविली. मेणाने.» पंतांनी डोळे वटारिले. आणि मग हैबतराव खाकरले, मिशीस हात गेला, तो मध्येच थांबला, आणि ते म्हणाले, «आम्ही... शिशाने.» मागोन कोणी म्हणाला लाखेने, कोणी म्हणाला तांब्याचा पत्रा ठोकोन. ज्याला त्याला वाटत होते की हे आपण एकट्यानेच केले. दर्जा जैसा तैसी बुजवण, आणि बुजवण जैसी पक्की तैसे झाड लवकर मेले. खाली अंगणात माणसे हसू लागली, परंतु बाई हसली नाही, ती महाराजांकडेच पाहत होती. तेव्हा महाराज गादीवरोन उतरले. स्वतः खाली बसोन दोन्ही हातांनी कुंडी आडवी केली. काळे पाणी सदरेवर वाहिले आणि घाण सुटली. आणि बुडाशी पाच चांदीचे बिल्ले दिसले. महाराज हलके आवाजात म्हणाले, «आम्हास वाटले कुंभाराची चूक जाहली. गरीब माणूस, चारचौघांत उघडा पडेल. म्हणोन झाकिली.» बाईचे डोळे भरोन आले. ती म्हणाली, «म्हाराज, माया लई केलीत. इचारलं मात्र न्हाई. बुधवारी दारात आला असता तर पहिल्या दिशीच सांगितलं असतं.»

महाराजांनी पाचही बिल्ले आपले हाताने उपटोन काढिले. मग म्हणाले, «आरोप रद्द. तान्हूबाई, काय पाहिजे ते मागा.» पंतांचे मनात आले की ही गाव मागेल. बाई म्हणाली, «बागेच्या दाराच्या फळ्या काढून द्या. दार असलं की कुनीतरी ते बुजवायचं म्हननारच. आन् सागवान चांगलं हाय, त्याच्या लांब पेट्या हुत्याल, पायऱ्यांवर ठेवू.» महाराज हो म्हणाले. पुढचे बुधवारी सुताराने फळ्या उतरविल्या, कापिल्या, जोडिल्या. आणि महाराज पोत्यावर येवोन बसले, एका अंगास सगुणा कासारीण, दुसरे अंगास हैबतराव, आणि कोपरापर्यंत हात मातीत. सगुणेने महाराजांस सांगितले, «येवढं दाबू नका, मुळीला गुदमरतं,» आणि महाराजांनी हात सैल केला. बहिरोपंत मात्र दूर, उपरणे सावरीत उभे होते. कोणी त्यांस बोलाविले नाही आणि कोणी हाकलिले नाही. तान्हूबाई उठली, सुताराचे गिरमिट घेवोन त्यांचे हाती दिले, आणि रिकामी पेटी त्यांचे पुढे पालथी ठेविली. पंतांनी इकडे तिकडे पाहिले. मग पागोटे काढोन कट्ट्यावर ठेविले, मांडी घातली, आणि गिरमिट फिरवू लागले. लाकूड टणक होते, कपाळी घाम आला, परंतु भोक आरपार गेले. पंतांनी पेटी उचलोन डोळ्याशी धरिली आणि त्या भोकातोन बाग पाहिला. आणि पाहत राहिले. मग दुसरे पाडू लागले.

तात्पर्य, त्या राज्यात मानाची कुंडी पुन्हा कोणास दिली गेली नाही, आणि फांदी मागणारास ना म्हणण्याचा अधिकार कोणास उरला नाही. सेवकाची लिहिण्याची चाकरी राहिली; दर बुधवारी तेवढी रजा मिळते. घडले तैसे लिहिले, जे झाकिले होते तेही लिहिले. नावाची जागा मोकळी ठेविली; ज्याने भोके बुजविली असतील त्याने तेथे आपले घ्यावे. वाचणाराने आपले घरची कुंडी एकदा उचलोन पाहावी, इतकीच विनंती.